राक्षसाचं चित्र कोण तपासतं?

दिवाळीत ताईचा मुलगा नवीन पनवेलला आमच्याकडे राहायला आला होता. पाडव्याच्या सकाळी लॅपटॉपवर 'राजी' खेळता खेळता मधेच विचारतो, "मामा, हा महाबलासुर म्हणजे आपला बळीराजा का?"

म्हटलं, नाही रे, नावात नुसतं 'बल' आहे. पण उत्तर देऊन मलाच चैन पडेना.

'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा गेम. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी मंडळींनी सोडलं नाही. २०२० मध्ये गेम आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकनही मिळालं. पहाडी चित्रशैली, राजस्थानी किल्ले, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली गोष्ट, याचं भरपूर कौतुक झालं. तक्रार होती ती मारामारीच्या कच्चेपणाची. मी वाचलेल्या परीक्षणांत असुर कसे काढलेत हे थोडंफार होतं, असे का काढलेत हे कुठेच नव्हतं. राजीच्या भावाला पळवणारा महाबलासुर दुष्ट आहे, झालं.

देवांच्या बाबतीत मात्र असं होत नाही. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा 'हनुमान : बॉय वॉरियर' प्लेस्टेशन २ वर आला, तेव्हा देवाला बटणांनी नाचवता म्हणून अमेरिकेतून राजन झेद यांनी तो मागे घ्यायची मागणी केली. असुरासाठी कोण बोलणार?

बोललेलं चालतं, हे पोकेमॉनने दाखवलंय. त्यातल्या जिंक्सचा काळा चेहरा आणि जाड ओठ हे कृष्णवर्णीयांचं जुनं विडंबन आहे, असं लेखिका कॅरोल बोस्टन वेदरफोर्ड यांनी २००० च्या सुमारास लिहिलं. पुढे जिंक्सचा रंग जांभळा झाला. काल्पनिक प्राणी म्हणून कुणी सोडून दिलं नाही.

आणि आपल्याकडे तर हा वाद त्याहून कितीतरी जुना. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त बळीला इथला राजा मानलं आणि म्हसोबाला त्याचा 'महासुभा', म्हणजे मोठ्या मुलखाचा अधिकारी. पुढे दामोदर कोसंबींनी पुण्याच्या आसपास पायी फिरून म्हसोबाची ठाणी पाहिली आणि त्याचा संबंध महिषासुराशी लावला. फुल्यांची व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकेल असं मला वाटत नाही. पण देवीने मारलेला तो रेडा शेताच्या बांधावर शेंदूर लावून बसलाय आणि लोक त्याला नारळ फोडतात, हे डोळ्यांनी दिसतंच ना!

पुण्यातल्या मुलांनी राक्षसांसाठी पार बाली बेटापर्यंत नजर टाकली, तिथली रंगडा आणली. छानच आहे ती. पण जवळचा म्हसोबा राहून गेला, ही माझी तक्रार. आणि ती परीक्षणकर्त्यांवरही आहे, मराठी तर जास्तच. गेमवर मराठीत लिहायचं म्हणजे ग्राफिक्स, किंमत आणि मोबाइलवर चालतो की नाही, एवढंच!

तेवढ्यात ताईने ओवाळायला हाक मारली. इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो, म्हणाली. भाच्याने गेम पॉजवर ठेवला होता. स्क्रीनवर असुर अर्धवट हात उगारून तसाच उभा.