कूजन

पक्ष्यांच्या मृदू व मंजुळ आवाजाचा वाचक संस्कृत शब्द. मराठी काव्यात व ललित गद्यात तो तत्सम रूपात रूढ आहे. भुंगा, मधमाशी यांसारख्या कीटकांच्या आवाजाला ‘गुंजन’ म्हणतात. पाणिनीय धातुपाठात ‘कूज्’ व ‘गुञ्ज्’ या दोन्ही धातूंचा अर्थ एकच, अव्यक्त शब्द करणे, असा दिला आहे. येथे अव्यक्त म्हणजे ज्यात वर्ण वेगळे ओळखता येत नाहीत असा ध्वनी. मानवी वाणी व इतर प्राण्यांचे आवाज यांत भेद करणारी ही कसोटी होय. पक्षी श्वासनलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या ध्वनियंत्राने, तर मधमाशी पंख व उड्डाणस्नायू यांच्या कंपनाने आवाज करते. धातुपाठाने मात्र उगमापेक्षा श्रवणाला महत्त्व दिले आहे.

हे दोन्ही धातू मुळात ध्वन्यनुकारी असावेत. पक्षिवाचक शब्दांच्या अशा उत्पत्तीविषयीचा वाद प्राचीन आहे. ‘काक’ हे नाव त्या पक्ष्याच्या आवाजाचे अनुकरण असून पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा आढळते, असे यास्काने निरुक्तात म्हटले आहे. तेथेच त्याने औपमन्यवाचे विरुद्ध मतही नोंदविले आहे : नावे अनुकरणातून होत नाहीत, काक म्हणजे हाकलून देण्याजोगा. शब्द निसर्गातून येतो की क्रियावाचक धातूतून, हा या वादाचा गाभा होय.

अनुकरणातून आलेला शब्दही एकदा भाषेत रुळला, की तो तिच्या नियमांनी बांधला जातो. ‘काक’मधील दुसरा ककार प्राकृतात लोप पावून ‘काअ’ झाले. मराठी ‘कावळा’ याच परंपरेतील आहे. कावळ्याचा आवाज तोच राहिला, पण शब्द पालटला. म्हणून मराठीने त्याच्यासाठी ‘कावकाव’ हे अनुकरण निराळे योजले.

मराठीत असे शब्द बहुधा द्विरुक्त असतात : चिमणीची चिवचिव, पाखरांची किलबिल, रातकिड्याची किरकिर, माश्यांची भुणभुण, डासांची गुणगुण. त्यांवरून चिवचिवणे, गुणगुणणे अशी क्रियापदे होतात. पुढे अर्थ माणसाकडे वळतो : गाणे गुणगुणले जाते, तर तान्हे मूल किरकिर करते. मोराच्या आवाजाला ‘केका’ म्हणतात. त्यावरूनच मोरोपंतांनी (१७२९–९४) स्वतःच्या नावावर श्लेष साधून आपल्या ईश्वरस्तुतिपर काव्यास केकावलि हे नाव दिले. अव्यक्त मानलेला ध्वनी अशा रीतीने मानवी भावनेचा वाचक होतो.