हिरडीच्या मलमाची कुळकथा

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागं टाकलं की इंदापूरच्या अलीकडं लोणी देवकर लागतं. एमआयडीसी आणि ऊस, दोन्ही इथं शेजारी-शेजारी. या भागात कुणी गाल धरून मेडिकलमध्ये गेलं आणि ‘हिरडी सुजलीय, ब्रश केला की रक्त येतंय’ म्हणालं, की बहुतेक वेळा एक छोटी ट्यूब हातात पडते. मेट्रोनिडाझोल आणि क्लोरहेक्सिडिन यांचं मलम. बोटानं लावायचं, लगेच चूळ भरायची नाही. ज्या घरात मिश्री लावली जाते तिथं बोटानं हिरडी चोळायला कुणाला शिकवावं लागत नाही.

ट्यूब एक, पण कुळं दोन. आणि दोन्ही कुळांचा मूळचा हिरड्यांशी काही संबंध नव्हता.

पहिलं कुळ मातीतलं. १९५३ साली जपानी संशोधकांनी मातीत राहणाऱ्या एका जिवाणूपासून ॲझोमायसिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं. फ्रान्सच्या रोन-पूलांक कंपनीनं त्याच घडणीची बरीच संयुगं बनवली, त्यातलं एक मेट्रोनिडाझोल. ते ‘फ्लॅजिल’ नावानं बाजारात आलं ते बायकांच्या अंगावरून पांढरं जाण्याच्या एका विकारावर, ट्रायकोमोनास या परजीवीमुळं होणाऱ्या. दाताचा डॉक्टर तिकडं फिरकण्याचं कारणच नव्हतं.

पण अशी गोळी घेणाऱ्या एका बाईच्या हिरड्याही बऱ्या झाल्या. तिला हिरड्यांचा आजार होता: दोन दातांमधली हिरडी झडते, रक्त येतं, तोंडाची दुर्गंधी समोरच्याला उभं राहू देत नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना तो इतका झाला की इंग्रजीत त्याला खंदकाचंच नाव पडलं. डेव्हिड शिन या ब्रिटिश दंतवैद्यानं बाईचा अनुभव मनावर घेतला, इतर रोग्यांना तीच गोळी देऊन पाहिली आणि १९६२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. ‘योगायोग असेल’ म्हणून सोडून देणं किती सोपं होतं!

कारण नंतर उलगडलं. मेट्रोनिडाझोल जसंच्या तसं कुणाला मारत नाही. प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूच्या पोटात गेल्यावरच त्याचं रूप पालटतं आणि ते जंतूचा डीएनए तोडतं. हिरडी दातापासून सुटून जी खोल फट पडते तिथं हवा जेमतेम पोचते. असल्या जंतूंना ती सोयीचीच. पोटाच्या ऑपरेशनपासून गळवापर्यंत हे औषध पुढं वापरलं गेलं, त्याची वाट शिनच्या टिपणानं मोकळी केली. आपल्याकडं मात्र ते आजही ‘जुलाबाची गोळी’ म्हणूनच ओळखलं जातं.

दुसरं कुळ क्लोरहेक्सिडिनचं. १९५०च्या दशकात इंग्लंडच्या आयसीआय कंपनीनं ते कातडी आणि जखमा निर्जंतुक करायला आणलं. ते तोंडात नेलं हाराल्ड ल्यो या नॉर्वेजियन दंतवैद्यानं. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑरहूस इथं त्यानं बारा निरोगी माणसांना, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, चक्क दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या; घासणं सुरू केल्यावर पूर्ववत झाल्या. हिरडीच्या सुजेचं मूळ दातावरच्या थरात आहे, हे इतक्या साध्या रीतीनं सिद्ध झालं. १९७० साली ल्यो आणि त्याचा सहकारी श्योट यांनी दाखवलं की दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या केल्या, तर हा थर बसतच नाही. औषध दाताला तासन्‌तास चिकटून राहतं. म्हणूनच फार दिवस वापरलं तर दात तपकिरी होतात, आणि चहाबाजांचे जरा जास्तच.

आता अडचणीची गोष्ट. मलम वरून लागतं, आणि रोग खाली असतो, दगडासारख्या घट्ट कीटणाच्या आड. सुश्रुतानं दातावरची शर्करा, म्हणजे हेच कीटण, काढायला दंतशंकू नावाचं शस्त्र सांगितलंय, तेही दाताच्या मुळाला इजा न करता. त्यानंतर लाखेचं चूर्ण मधातून चोळायचं. म्हणजे आधी खरवडणं, मग लेप. आपण हा क्रम उलटा केला, किंबहुना पहिली पायरीच गाळली. ‘दात साफ केले की हलायला लागतात’ ही समजूत गावोगाव पक्की आहे, आणि ती अगदीच हवेतली नाही: हाड झिजल्यावर सुटलेल्या दातांना कीटणच सांधून ठेवतं, ते निघालं की हलणं जाणवतं. दात सैल मात्र आधीच झालेला असतो, आणि तो खिळखिळा करणारं कीटण चाळीस रुपयांच्या असो की चारशेच्या, कुठल्याच ट्यूबनं विरघळत नाही.