वारल्यांचा उठाव आणि लाल बावटा

पालघर येथें १४ ऑगस्ट १९४२ रोजीं झालेल्या गोळीबारांत बळी पडलेल्या पांच हुतात्म्यांचें स्मारक आहे. 'चले जाव'ची हाक ऐकून किनाऱ्यावरच्या गांवांतील लोक सरकारी कचेरीकडे निघाले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. ही हकीकत त्या भागांतील सुशिक्षित घरांतून आजहि सांगितली जाते. परंतु त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनीं, १० ऑक्टोबर १९४५ रोजीं, त्याच ठाणें जिल्ह्यांत पांच वारल्यांना पोलिसांच्या गोळीनें मरण आलें, हें त्या मानानें फारच थोड्यांना ठाऊक असतें. पहिले पांच राष्ट्राच्या स्वातंत्र्यासाठीं गेले. दुसरे पांच कशासाठीं गेले?

बोईसर-तारापूरच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे डोंगरांच्या रोखानें चालूं लागलें कीं वारल्यांचे पाडे लागतात. उत्तरेस डहाणू आणि तेव्हांचा उंबरगांव तालुका येथेंहि त्यांचीच दाट वस्ती. रोख सारा, सावकारी कर्ज आणि जंगलावरील सरकारी निर्बंध यांच्या कात्रींत सांपडून त्यांची जमीन जमीनदारांच्या हातीं गेली, आणि वारली आपल्याच शेतावर कूळ झाला. मालकाच्या घरीं त्याला फुकट राबावें लागे, ही वेठ. लग्नासाठीं थोडें कर्ज काढावें, तर तें फेडण्यासाठीं नवराबायकोनें वर्षानुवर्षें, कित्येकदां जन्मभर, मालकाची चाकरी करावी. अशांना लग्नगडी म्हणत. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्यानें आपल्या अहवालांत या दास्याचें वर्णन केलें होतें. पण अहवालानें वेठ थांबली नाहीं.

१९४५ च्या जानेवारींत टिटवाळ्यास प्रांतिक किसान परिषद भरली. उंबरगांवकडील कांहीं वारली तेथें आले, आणि त्यांच्यापैकीं माह्या धांगडा यानें आपल्या लोकांची दैना सभेपुढें मांडली. शामराव आणि गोदावरी परुळेकर हें दांपत्य या लोकांत काम करण्यास पुढें आलें. दोघेंहि एकेकाळीं भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते, पुढें साम्यवादी झालेले. २३ मे रोजीं झरी गांवीं हजारों वारल्यांची सभा झाली. ठराव साधे होते. वेठ करावयाची नाहीं. रोज बारा आणे रोख मिळाल्यावांचून मालकाच्या खाजगी शेतावर राबावयाचें नाहीं. मारहाण सोसावयाची नाहीं. एकी मोडावयाची नाहीं. हा निरोप वारल्यांनींच पाड्यापाड्यांतून पोहोंचविला, आणि पाहतां पाहतां वेठीचा अंमल सुटला.

पावसाळा सरल्यावर गवतकापणीच्या मजुरीसाठीं संप झाला. पांचशें पौंड गवतामागें अडीच रुपये, ही मागणी होती. अशा वेळीं गोदावरीबाई तलवाड्यास येणार असल्याची खोटी बातमी पसरविण्यांत आली. हजारों वारली लाठ्या घेऊन तेथें जमले आणि पोलिसांनीं गोळीबार केला. जेठ्या गांगड व त्याचे चार सोबती ठार झाले. संप मात्र मोडला नाहीं. पुढच्या वर्षीं जंगलकामासाठीं रोज सव्वा रुपया मजुरी मागून पुन्हां संप झाला. तेव्हां प्रांतांत खेरांचें काँग्रेस मंत्रिमंडळ होतें. तरीहि परुळेकर तडीपार झाले, आणि १९४७ च्या जानेवारींत पालघर तालुक्यांतील नानिवली येथें पुन्हां गोळ्या सुटल्या.

या उठावानें डाव्या राजकारणास काय दिलें? १९४२ च्या लढ्यापासून दूर राहिल्यामुळें साम्यवादी पक्ष मध्यमवर्गाच्या मनांतून उतरला होता. त्याची मुख्य भिस्त गिरणी कामगारांवर. आणि शेतीचा प्रश्न म्हणजे कूळ व खंड, अशी सर्वसाधारण समजूत. वारली या चौकटींत बसेना. तो कूळ होता, वेठबिगार होता आणि जंगलमजूरहि होता. त्याच्या मागण्यांच्या अग्रभागीं जमीनहि नव्हती. आपल्या देहावर मालकाचा हक्क चालूं नये, हें त्याचें पहिलें म्हणणें. तें साधल्यावर मजुरी आणि जमीन या गोष्टी तो स्वतःच मागूं लागला. तेभागा आणि तेलंगण येथील लढे पेटण्यापूर्वींच हा धडा येथें मिळाला होता.

त्याचे परिणाम दूरवर गेले. अखिल भारतीय किसान सभेनें १९५५ सालीं आपलें अधिवेशन डहाणूस भरविलें. १९५७ सालीं शामराव ठाण्याहून लोकसभेवर गेले. १९७७ सालीं डहाणूहून लहानू कोम हे आदिवासी कार्यकर्तेच निवडून आले. जंगलांतील जमीन कसणाराच्या नांवें व्हावी, ही मागणी देशभरच्या आदिवासींची होती. २००६ च्या वनाधिकार कायद्यानें तिला मान्यता मिळाली. तो कायदा नीट अंमलांत यावा म्हणूनच २०१८ सालीं हजारों शेतकरी नाशिकहून मुंबईस पायीं आले.

दुसरीहि बाजू आहे. १९७० नंतर पालघर तालुक्यांत काळूराम धोदडे यांची भूमिसेना उभी राहिली. आदिवासींनीं आपले निर्णय आपणच घ्यावेत, बाहेरच्या पुढाऱ्यानें फार तर सल्ला द्यावा, असा तिचा आग्रह होता. तोंपर्यंत तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें होतें. पुढें बोईसरभोंवतीं कारखानेहि उभे राहिले. नव्या मालकांपुढें जमिनीचा जुना प्रश्न नव्या रूपानें आला, आणि तो सोडविण्यास कोणाचाहि एकच बावटा पुरेसा ठरला नाहीं.

१० ऑक्टोबरला अजूनहि त्या पांचांचें स्मरण होतें. कोणीहि माणूस दुसऱ्याच्या मालकीचा नसावा, एवढ्यासाठीं ते गेले. पालघरच्या पांचांनीं मागितलेलें स्वातंत्र्य यावांचून पुरें झालें नसतें.