कॅरीबॅग शुल्क

कॅरीबॅग शुल्क म्हणजे खरेदी केलेला माल वाहून नेण्यासाठी दिलेल्या पिशवीबद्दल विक्रेत्याने ग्राहकाकडून वेगळी आकारलेली रक्कम होय. पूर्वी पिशवी, पुडा किंवा खोके यांचा खर्च मालाच्या किमतीतच धरलेला असे. इसवी सनाच्या २१ व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भारतातील मोठ्या दुकानांत ही रक्कम बिलावर स्वतंत्रपणे दिसू लागली. प्लास्टिकचा वापर कमी करण्यासाठी केलेल्या नियमांतून या शुल्काला चालना मिळाली. तो मूळ नियम २०१८ मध्ये वगळण्यात आला, तरी शुल्क आकारण्याची प्रथा चालू राहिली. त्यामुळे हा विषय पर्यावरण कायद्याकडून ग्राहक संरक्षण कायद्याकडे वळला.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील किराणा दुकानांत सुटा माल रद्दी कागदाच्या पुडीत सुतळीने बांधून देण्याची पद्धत होती. मोठ्या खरेदीसाठी ग्राहक घरून कापडी पिशवी नेत असे. पातळ प्लास्टिकची पिशवी स्वस्त झाल्यावर ती प्रत्येक खरेदीसोबत विनामूल्य मिळू लागली आणि घरून पिशवी नेण्याची सवय कमी झाली. छापील वृत्तपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास अन्न सुरक्षा व मानके (वेष्टन) विनियम, २०१८ नुसार मनाई आहे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरात नाले तुंबण्याच्या कारणांमध्ये प्लास्टिक पिशव्यांचाही उल्लेख झाला. त्यानंतर राज्य शासनाने २००६ मध्ये नियम करून ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली.

केंद्रीय नियम

फेब्रुवारी २०११ मध्ये केंद्र शासनाने प्लास्टिक कचरा (व्यवस्थापन व हाताळणी) नियम लागू केले. किरकोळ विक्रेत्याने ग्राहकाला कॅरीबॅग विनामूल्य देऊ नये, अशी तरतूद त्यांत होती. पिशवीला किंमत असल्यास लोक ती कमी घेतील, हा त्यामागील विचार होता.

१८ मार्च २०१६ रोजी आलेल्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांतील नियम १५ नुसार प्लास्टिक पिशव्या देऊ इच्छिणाऱ्या दुकानदाराने स्थानिक स्वराज्य संस्थेकडे नोंदणी करून वर्षाला किमान ४८,००० रुपये, म्हणजे दरमहा ४,००० रुपये, भरणे आवश्यक होते. पिशवी विकत मिळेल, असा फलकही दुकानात लावावा लागे. २७ मार्च २०१८ च्या दुरुस्तीने नियम १५ पूर्णपणे वगळण्यात आला. त्यामुळे पिशवीची किंमत घेण्याचे या नियमांतील बंधन राहिले नाही. मात्र किंमत घेण्यास मनाई करणारी तरतूदही त्याच्या जागी आली नाही.

या नियमांतील कॅरीबॅगची व्याख्या प्लास्टिक व विघटनशील प्लास्टिकच्या पिशव्यांपुरती होती. कागदी व कापडी पिशव्या तिच्यात येत नव्हत्या. पुढे ग्राहक आयोगांसमोर आलेल्या काही महत्त्वाच्या तक्रारी मात्र अशाच पिशव्यांबद्दल होत्या.

महाराष्ट्रातील प्लास्टिकबंदी

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिक पिशव्या, तसेच थर्माकोल व प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने बंदीला स्थगिती देण्यास नकार दिला आणि २३ जूनपासून दंडात्मक कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये, तर तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिने कारावास अशी शिक्षा ठरवण्यात आली.

बंदीनंतर दुकानदारांना कागदी व कापडी पिशव्यांचा पर्याय स्वीकारावा लागला. त्या प्लास्टिकच्या पिशव्यांपेक्षा महाग असल्याने त्यांची किंमत ग्राहकाकडून घेण्याची प्रथा वाढली. अनेक साखळी दुकानांच्या पिशव्यांवर त्यांचे नाव व बोधचिन्ह छापलेले असते. ग्राहक स्वतःच्या पैशाने दुकानाची जाहिरात करतो, हा या प्रथेवरील प्रमुख आक्षेप त्यातून निर्माण झाला.

ग्राहक आयोगांचे निर्णय

एप्रिल २०१९ मध्ये चंदीगडच्या जिल्हा ग्राहक मंचाने बाटा या पादत्राण कंपनीविरुद्ध निर्णय दिला. कंपनीच्या दुकानात कागदी पिशवीचे ३ रुपये घेतले गेले होते आणि पिशवीवर कंपनीची जाहिरात होती. पिशवीचे पैसे परत करण्यासह तक्रारदाराला ३,००० रुपये भरपाई व १,००० रुपये खर्च, तसेच ग्राहक कायदेविषयक साहाय्य खात्यात ५,००० रुपये देण्याचा आदेश झाला.

राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २२ डिसेंबर २०२० रोजी बिग बझार या साखळी दुकानाच्या प्रकरणात या प्रश्नाची सविस्तर मांडणी केली. ग्राहकाला स्वतःची पिशवी आत नेऊ द्यायची नाही आणि माल निवडून झाल्यावर बिलाच्या खिडकीवर पिशवीची किंमत सांगायची, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे आयोगाने ठरवले. पिशवीची किंमत व तिचा तपशील ग्राहकाने दुकान व माल निवडण्यापूर्वीच त्याला कळला पाहिजे, असे निर्णयात नमूद आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३९ अन्वये ही प्रथा थांबवण्याचा आदेश देण्यात आला.

अशा प्रकरणांत वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ३६(५) चाही आधार घेतला जातो. वेगळा करार नसल्यास माल ताब्यात देण्याजोग्या स्थितीत आणण्याचा खर्च विक्रेत्याने करावा, असे ते कलम सांगते. ‘वेगळा करार’ होण्यासाठी ग्राहकाला आधी माहिती असणे आवश्यक ठरते. त्यामुळे पिशवीला किंमत असावी की नसावी यापेक्षा ती किंमत केव्हा सांगितली आणि नाकारण्याची संधी होती का, हे प्रश्न निर्णायक ठरतात.

अन्य सेवांतील शुल्क

घरपोच खाद्यपदार्थ मागवताना बिलात वेष्टनाची रक्कम वेगळी दाखवली जाते. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी संकेतस्थळे व मोबाइल अ‍ॅपवरील १३ फसव्या पद्धतींना मनाई केली. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात वस्तू किंवा सेवा घुसवणे आणि किमतीचे काही घटक शेवटच्या टप्प्यापर्यंत लपवणे या दोन पद्धतींचा त्यांत समावेश आहे.

विमानवाहतुकीतही पूर्वी तिकिटात धरलेल्या सेवा वेगळ्या काढण्यात आल्या आहेत. जेवण, पसंतीचे आसन, जादा सामान, क्रीडासाहित्य व वाद्ये यांसाठी कंपन्या स्वतंत्र रक्कम घेऊ शकतात. मात्र अशी सेवा प्रवाशाने स्वतः निवडली पाहिजे. ती आधीच निवडलेली दाखवता येत नाही, असे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे धोरण आहे.

मिठाईच्या खोक्याचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. खोक्यासह वजन केल्यास ग्राहक पुठ्ठ्यासाठी मिठाईचा भाव देतो. मालाचे निव्वळ वजन हे वेष्टन वगळून धरायचे असते. याबाबतची तक्रार राज्याच्या वैधमापनशास्त्र यंत्रणेकडे करता येते.

हिंगोली जिल्ह्यातील अंमलबजावणी व तक्रार

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी हिंगोली, वसमत व कळमनुरी येथे नगरपरिषदांकडे, तर औंढा नागनाथ व सेनगाव येथे नगरपंचायतींकडे आहे. या संस्था बंदी असलेल्या पिशव्यांवर कारवाई करतात. कागदी किंवा कापडी पिशवीच्या किमतीबाबतची तक्रार मात्र ग्राहक आयोगाकडे करावी लागते.

२०१९ च्या अधिनियमातील कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते. हिंगोली जिल्ह्यातील रहिवाशाने नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे येथे खरेदी केली असली, तरी तो हिंगोलीच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकतो. जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नसून जवळचा विमानतळ नांदेड येथे आहे. विमान कंपनीच्या सेवेबद्दलच्या तक्रारीलाही हीच सोय लागू होते.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास आयोगाचे शुल्क नसते आणि वकील नेमणे बंधनकारक नाही. पिशवीची रक्कम दाखवणारे बिल हा मुख्य पुरावा ठरतो. दाव्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवरही तक्रार नोंदवता येते.

इतर देशांतील पद्धती

आयर्लंडने ४ मार्च २००२ रोजी प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट कर लावला. त्यानंतर तेथील वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. कराची रक्कम पर्यावरण निधीत जमा होत असे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून मोठ्या दुकानांत प्रत्येक पिशवीला ५ पेन्स घेणे सक्तीचे झाले. मे २०२१ मध्ये ही रक्कम १० पेन्स करून ती सर्व दुकानांना लागू करण्यात आली. भारतात २०१६ च्या नियम १५ नुसार दुकानदाराकडून स्थानिक संस्थेकडे पैसा जाण्याची व्यवस्था होती. तो नियम वगळल्यानंतर ग्राहकाने पिशवीसाठी दिलेली रक्कम विक्रेत्याकडेच राहते.