कनेक्शन पूलची कुळकथा

वेब ॲप्लिकेशनला डेटाबेसकडून एखादी ओळ हवी असते, तेव्हा पुष्कळदा ती ओळ शोधण्यापेक्षा बोलणे सुरू करण्यातच जास्त वेळ जातो. आधी टीसीपीची देवाणघेवाण, मग टीएलएसची, मग पासवर्डची पडताळणी. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्या एका कनेक्शनसाठी सर्व्हरवर स्वतंत्र प्रोसेस सुरू होते. इतक्या खटाटोपाने मिळालेले कनेक्शन एका प्रश्नानंतर मोडून टाकणे परवडत नाही. म्हणून मोजकी कनेक्शन्स आधीच उघडून ठेवायची, काम असेल त्याने एक घ्यायचे, झाले की परत करायचे आणि सगळी गुंतलेली असतील तर रांगेत थांबायचे. हा झाला कनेक्शन पूल. आज बहुतेक फ्रेमवर्कमध्ये तो आयता मिळतो. त्यामागचा विचार मात्र शंभर वर्षांहून जुना आहे.

त्याचे मूळ सापडते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत. ग्राहक हजारो, पण दोन एक्स्चेंजमधल्या तारा मोजक्या. मग किती तारा टाकल्या म्हणजे फोन क्वचितच अडेल? कंपनीतले गणितज्ञ आग्नर एरलांग यांनी 1917 साली या प्रश्नाची सूत्रे मांडली. सगळे ग्राहक एकाच क्षणी बोलत नाहीत, त्यामुळे तारा सामाईक ठेवल्या तर थोड्यांत भागते. शिवाय त्याच तारा दोन गटांत वाटण्यापेक्षा एकत्र ठेवल्या तर अधिक कामी येतात, हेही त्यांच्या गणितातून दिसते.

संगणकात हा प्रश्न आला तो वीज आणि टेलिफोन कंपन्यांच्या काउंटरवरून. ग्राहकाची माहिती टर्मिनलवर ताबडतोब दिसावी म्हणून आयबीएमने ‘सीआयसीएस’ ही प्रणाली घडवली; ती 1969 मध्ये बाजारात आली. मेमरी तुटपुंजी आणि टर्मिनले अनेक. तिथे प्रोग्रॅमरांनी एक शिस्त अंगी बाणवली: कारकून पडद्याकडे पाहत विचार करत असेल, तोवर त्याच्या नावाने यंत्राचे काहीही अडवून ठेवायचे नाही. उत्तर पाठवले की काम संपले. पुढची कळ दाबली की नवे काम सुरू.

वेबच्या पहिल्या दिवसांत ही शिस्त विसरली गेली. 1993 साली आलेल्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रोसेस सुरू होई, ती डेटाबेसशी नवे कनेक्शन जोडी आणि उत्तर देऊन संपून जाई. घोटभर पाण्यासाठी दर वेळी नवी विहीर खणावी, तसा हा प्रकार. वाचक वाढले तसे सर्व्हर कोलमडू लागले. 1995 मध्ये नाविसॉफ्टचा वेब सर्व्हर आला, तोच पुढे एओएलसर्व्हर झाला. त्यात थ्रेड होते आणि डेटाबेस कनेक्शनचा पूल सर्व्हरच्या पोटातच होता. 1999 च्या जे-टू-ई-ई मध्ये कनेक्शन मागण्याची ‘डेटासोर्स’ ही सोय जावा मानकाचा भाग झाली आणि पूल मोठ्या कंपन्यांच्या ॲप्लिकेशनमध्ये रुळला.

पीएचपीने वेगळा मार्ग धरला. कनेक्शन बंद न करता ते अपाचीच्या त्या-त्या प्रोसेसजवळच ठेवायचे. वेळ वाचला, पण वाटणी झाली नाही. दीडशे प्रोसेस असतील तर दीडशे कनेक्शन्स अडकून पडत, त्यातली बरीचशी रिकामी. शिवाय एकाने अर्धवट सोडलेले ट्रान्झॅक्शन किंवा लॉक पुढच्याच्या गळ्यात पडे. कनेक्शन परत घेताना ते स्वच्छ करूनच घ्यावे लागते, हा धडा इथे मिळाला.

मग पूल ॲप्लिकेशनच्या बाहेर आला. स्काइपमध्ये मार्को क्रेन यांनी पीजीबाउन्सर लिहिला. तो 2007 साली सर्वांसाठी खुला झाला. ॲप्लिकेशन आणि पोस्टग्रेस यांच्या मध्ये उभा राहून तो हजारो ग्राहकांची कामे थोड्या कनेक्शन्सवर भागवतो. त्याच्या ट्रान्झॅक्शन पद्धतीत कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतेच हाती येते. किंमतही आहे: सेशनवर टिकणाऱ्या सेटिंग्जवर विसंबता येत नाही, आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट्सची सोय तर 2023 मध्ये आली.

एवढे होऊनही पूल केवढा असावा, याबाबत जुना गैरसमज टिकून आहे: मोठा पूल म्हणजे वेगवान ॲप्लिकेशन. प्रोसेसरचा एक गाभा एका क्षणी एकच काम करतो. त्याच्यावर शंभर कनेक्शन्स सोडली की तो कामे बदलण्यात आणि लॉकची वाट पाहण्यात शिणतो. पोस्टग्रेसच्या जाणकारांचे ढोबळ सूत्र आहे: गाभ्यांची दुप्पट, अधिक डिस्कची संख्या. चार गाभे आणि एक डिस्क असेल तर नऊ. जावातल्या हिकारीसीपी या पूलची मूळ मर्यादा दहाच आहे, आणि 2018 पासून स्प्रिंग बूटमध्ये तोच पूल आपोआप येतो.

दहा कनेक्शन्स पुरतील का, हे 1961 साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेल्या नियमावरून काढता येते. सेकंदाला 200 विनंत्या येतात आणि प्रत्येक जण कनेक्शन 20 मिलिसेकंद धरतो, असे समजू. गुणाकार केला की सरासरी चारच कनेक्शन्स गुंतलेली निघतात. आता प्रत्येकाने ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून मध्येच पेमेंट गेटवेच्या उत्तराची सेकंदभर वाट पाहिली, तर त्याच गर्दीला 200 हून अधिक लागतील. ग्राहक तेच, डेटाबेस तोच. फक्त धरून ठेवण्याचा वेळ वाढला. ‘सीआयसीएस’च्या प्रोग्रॅमरांना हे नेमके कळले होते.

म्हणून कनेक्शन्स संपल्याची तक्रार आली की मर्यादेचा आकडा वाढवण्याआधी आपला कोड उघडा. कनेक्शन हातात असताना तो बाहेरच्या सेवेला हाक मारतो का, फाइल लिहितो का, चूक झाल्यावर कनेक्शन परत करायचे विसरतो का, हे पाहा. कनेक्शन शक्य तितक्या उशिरा घ्या आणि शक्य तितक्या लवकर परत करा. त्यानंतरही कमी पडले, तरच आकड्याला हात लावा.