गागोदे ते आपली सर्वसाधारण सभा

आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली विनोबा जन्मले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी ते सोबतच्या कैद्यांना गीता समजावीत. साने गुरुजी लिहून घेत. तुरुंगाचीच शाळा झाली! पुढे विनोबांचा आग्रह एकच : गावाचा निर्णय गावाने घ्यावा.

१९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. खेड्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रे त्या चालवू लागल्या. १९९३ पासून ग्रामसभेला आणि पेण-रोह्यासारख्या नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. पण आपण? दवाखान्यात औषध नाही म्हणून कट्ट्यावर कुरकुरतो, सभेला मात्र फिरकत नाही. आपल्या सोसायटीची सभासुद्धा कोरमअभावी तहकूब होते. मंडळी, पंचवीस वर्षे झाली. यंदा घरटी एक जण तरी याच!