पाथरी : मूळगावाचा मान आणि गावाचा आराखडा

पाथरी म्हटलं की अनेकांना जानेवारी २०२० आठवतो. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून परभणी जिल्ह्यातल्या या गावाच्या विकासासाठी १०० कोटी रुपये जाहीर केले. शिर्डीत विरोध उसळला. १९ जानेवारीला गाव बंद राहिलं, मंदिर मात्र उघडं होतं. शिर्डीकरांचं म्हणणं सरळ होतं: पाथरीला निधी जरूर द्या, पण 'जन्मस्थान' म्हणू नका. दुसऱ्या दिवशी मुंबईत बैठक झाली आणि वाद निवळला.

आता पुरावा पाहू. साईसच्चरितात बाबांचं जन्मगाव दिलेलं नाही. नरसिंहस्वामींनी म्हाळसापतींच्या हवाल्याने पाथरीचं नाव नोंदवलं. त्या श्रद्धेतून पाथरीत मंदिर झालं. म्हणजे दावा आहे, निकाल नाही.

पण मूळगावावरून पाथरीसाठी भांडण होण्याची ही पहिली वेळ नव्हे. फरिश्ता सांगतो, निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. म्हणून बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे हे गाव मागितलं आणि बदल्यात जास्त उत्पन्नाचा मुलूख देऊ केला. इमादशहाने नकार दिला. १५१८ साली निजामशहाने पाथरी लढून घेतली. पुढे अकबराच्या काळात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं ठाणंच म्हणा ना.

यातून आपण काय घ्यायचं? गावाच्या नावाला मान असतो, आणि मानाबरोबर पैसा येतो. नगरपरिषदेच्या हाती रस्ता, पाणी, स्वच्छतागृह, गाड्या लावायची जागा एवढंच असतं. मोठा निधी राज्याकडून किंवा जिल्हा नियोजन समितीतून येतो, आणि तो कुठल्या तरी शीर्षकाखाली येतो. सगळा आराखडा एका वादग्रस्त शब्दावर टांगला, तर शब्दाला हरकत आली की गावाची गटारंसुद्धा वादात सापडतात.

भाविकाला पाणी आणि सावली द्यायला जन्मस्थानाचा निकाल लागत नाही. फलकावर 'अशी श्रद्धा आहे' असं प्रामाणिकपणे लिहावं, आणि शेजारी १५१८ची हकिकतही लिहावी. दर्शनाला आलेला माणूस मग तासभर जास्त थांबेल, आणि पाथरी कुणाशी न भांडता आपल्या इतिहासावर उभी राहील.